चेंबरचा बोल्ट

हेरिंग बेट
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

लेम्पी,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहितोय, आणि तेही तुझ्या नवऱ्याच्या ट्रकबद्दल. दुसरं काही लिहिण्यासारखं सुचलं असतं तर आधीच लिहिलं असतं.

तुझा हॉलिस आज टपाल पोस्टात टाकून थेट माझ्या गॅरेजपुढे येऊन उभा राहिला. नऊ वर्षं हा माणूस दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या दारावरून जातोय, कधी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. बेटावर गॅरेज एकच, आणि गाढवही एकच.

टोपी हातात घेऊन म्हणाला, "आर्मस, ऑइल बदलायचंय. चेंबरचा बोल्ट निघत नाही. घरी दोन दिवस झगडलो."

"पलीकडे पोर्ट सेल्मातले मेकॅनिक काय सगळे मेले?"

"होता तो एकच. पाठ धरून पडलाय महिनाभर."

घेतला ट्रक आत. इंजिनाच्या पोटाखाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या बुडाशी एक बोल्ट. तो काढायचा, जुनं ऑइल खाली पडू द्यायचं, बोल्ट परत लावायचा. एवढंसं काम, तू दहा वर्षांची असताना करायचीस. तुझ्या नवऱ्याने तो बोल्ट उलटा फिरवून फिरवून इतका आवळला होता की डोक्याचे सगळे कोपरे झिजून गेलेले. पाना नुसता गरगर फिरायचा. शेवटी मी छन्नीने कडेला खाच पाडली आणि हातोड्याने ठोकत ठोकत तो हलवला. निघाला एकदाचा, पण चेंबरचे आटे सोबत घेऊन निघाला. बोल्टाभोवती ते आटे तारेसारखे गुंडाळून बाहेर आले.

खरं म्हणजे चेंबर खाली उतरवून आतून नवा नट गॅसच्या ज्योतीने पितळ वितळवून जोडायला हवा होता. एका दिवसाचं काम. पण माझी गॅसची टाकी रिकामी आहे, आणि नवी टाकी आता बर्फ सुटून बोट सुरू झाल्याशिवाय येत नाही. म्हणून एक जाडा बोल्ट घेतला, त्याला सुताचा दोरा गुंडाळला, वर सफेदा फासला आणि जोर लावून आत बसवला. "हिवाळा निघेल एवढ्यावर," असं त्याला सांगितलं.

जाताना विचारत होता, "लेम्पीला काही निरोप?" नाही म्हणालो. तो गेल्यावर हे लिहायला बसलो. शुक्रवारी हे पत्र तोच घेऊन येईल तुझ्याकडे. पाकीट नीट चिकटवलं आहे.

आईचा सतरंज्यांचा माग अजून माडीवर आहे. कीड लागलेली नाही.

आर्मस


मंगळवार, १९ फेब्रुवारी

लेम्पी,

उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. तरी आज दोनदा पोस्टात जाऊन आलो, आणि हिल्माबाईंनी ते बरोबर हेरलं. त्या अजून पोस्ट सांभाळतात. ऐंशीच्या झाल्या, पण पत्राच्या वजनावरून आत काय लिहिलंय ते ओळखतील.

"अरे आर्मस, नऊ वर्षांत तू माझ्याकडून तिकीट घेतलं नव्हतंस. लग्नबिग्न ठरवतोयस की काय?"

"तुम्ही हो म्हणत असाल तर ठरवतो."

"मी नाही बाई. तुझ्या हाताला ऑइलचा वास येतो." मग मला खिडकीशी बोलावलं. पोस्टापुढे हॉलिसचा ट्रक जिथे उभा असतो तिथे बर्फावर एक काळा डाग होता. बशीएवढा. "तुझ्या मेहुण्याच्या ट्रकला सर्दी झालेली दिसते. नाक गळतंय."

"हिवाळ्यात कुठला ट्रक गळत नाही?" असं म्हणालो आणि बाहेर पडताना बुटाने त्यावर बर्फ ओढलं. का ओढलं कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी काही चोरी केलेली नाही.

आता लिहितोच आहे तर ओनीबद्दलही लिहितो. आपण दोघांनी ते नाव एकमेकांपुढे कधी घेतलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये आपला भाऊ ओनी हॉलिसच्या ट्रकमधून निघाला होता, गोठलेल्या पाण्यावर वाट दाखवायला रोवलेल्या तिसाव्या आणि एकतिसाव्या झाडाच्या मध्ये ट्रक बर्फाखाली गेला. हॉलिस बाहेर आला, ओनी नाही आला. हॉलिस म्हणाला, मी त्याची कॉलर धरली होती, ती फाटून माझ्या हातात आली. ती कॉलर त्याने टेबलावर आईसमोर ठेवली. निळ्या चौकड्यांची. मी तेव्हा म्हणालो होतो, कॉलर फाडायला काय लागतं? स्वतः आधी उडी मारली आणि मग फाडून आणली. सगळ्यांसमोर म्हणालो होतो. तू सहा महिन्यांनी त्याच माणसाशी लग्न केलंस.

तुम्ही चर्चमध्ये होतात तेव्हा मी आपल्या सॉनाच्या वाफेच्या खोलीत बसलो होतो. शेगडी पेटवली नव्हती. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

आर्मस


मंगळवार, २६ फेब्रुवारी

लेम्पी,

आज हॉलिस गॅरेजच्या दारात क्षणभर थांबला. इंजिन बंद केलं नाही. म्हणाला, "तिने तुझं दुसरं पत्र तीनदा वाचलं. जेवण करपवलं." एवढंच बोलून गेला. बऱ्याच वर्षांत मला कोणी इतकी चांगली बातमी दिली नव्हती.

म्हणून एक गोष्ट खरी लिहितो. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. बोल्ट हॉलिसने उलटा फिरवला नव्हता. तो ट्रक घेऊन आला तेव्हा बोल्ट नुसता गंजून धरला होता, डोक्याचे कोपरे जागच्या जागी होते. तो मी फिरवला.

बोल्टाचं तोंड मागच्या चाकांकडे असतं. त्या दिवशी ट्रकची मागची बाजू भिंतीला लागली होती, म्हणून मी पुढून आत सरकलो आणि हात चेंबरला वळसा घालून मागे नेला. समोरून जे डावीकडे असतं ते असं उलट्या हाताने उजवीकडे होतं. चाळीस वर्षं हे काम करतोय, बापाने पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. डोक्यापाशी त्याचे बूट दिसत होते, आणि ओनीचे दिसत नव्हते. मी पान्यात पाइप घातला आणि अंगातली सगळी ताकद लावली.

हॉलिस मागच्या बाजूने, भिंत आणि चाक यांच्यात अंग चोरून दिवा धरून बसला होता. त्याला सरळ दिसत होतं. हळूच म्हणाला, "आर्मस, उलट होतंय. तू आवळतोयस."

मला ते कळलं होतं. तो बोलायच्या आधीच कळलं होतं. पण त्याने सांगितलेलं ऐकायचं? मी आणखी एक हिसका दिला. तेव्हा कोपरे गेले.

तो तसाच दिवा धरून राहिला. असं कोणी वागलं की मला जास्त राग येतो, तुला माहीत आहे माझा स्वभाव.

आता ते झालं गेलं. बोल्ट बसवला आहे, ट्रक चालतो आहे.

माग हवा असेल तर सांग. सुट्टा करून ठेवतो.

आर्मस


शुक्रवार, ८ मार्च

लेम्पी,

हे पत्र मी पिशवीत टाकणार नाही. लिहून खणात ठेवणार आहे. हे हॉलिसच्या हातातून तुझ्याकडे जाऊ शकत नाही, आणि दुसरा हात नाही.

गॅसची टाकी रिकामी नव्हती. अर्धी भरलेली होती. आजही आहे. चेंबर उतरवून नट जोडायला पाव टाकीही लागली नसती. तो संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होता, हिल्माबाईंकडे झोपायलाही तयार होता. मी म्हणालो, गॅस नाही. असं तोंडातून का निघालं ते मी रोज शोधतो. मला त्याचा ट्रक दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा नव्हता, असं स्वतःला सांगतो. ते अर्धं खरं आहे.

पोस्टापुढचा डाग आता जेवणाच्या ताटाएवढा असतो. मी पोचायच्या आधी हिल्माबाईच त्यावर राख टाकतात. मला हे त्यांच्या चेष्टेपेक्षा वाईट वाटतं.

दोऱ्याने आणि सफेद्याने धरलेला बोल्ट किती दिवस धरतो ते मला ठाऊक आहे. उन्हातान्हात रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकला तो महिना धरेल. बर्फाच्या खड्ड्यांतून रोज थडथडणाऱ्या ट्रकला किती, ते सांगता येत नाही. आणि ऑइल गेलं की इंजिन जाम होतं, आणि मार्चच्या बर्फावर उभा राहिलेला ट्रक म्हणजे काय ते आपल्या घराला सांगायला नको. चालता ट्रक बर्फ पेलतं. उभा पेलत नाही.

यंदाही साठ झाडं लावली. नाताळ संपल्यावर घरोघरची झाडं गोळा करून मीच भोकं पाडली. पहिलं बेटाकडे, साठावं पोर्ट सेल्माच्या धक्क्यापाशी. काहींवर अजून चांदीच्या झिरमिळ्या आहेत. या आठवड्यात पहिल्या दहांतली चार झाडं कलली आहेत. बुडाशी पाणी आहे. बर्फ करडं पडलंय, आणि दुपारी त्यावर चाललं की बुटाखाली आवाजच येत नाही.

तू विचारशील, मग सांगत का नाहीस त्याला? मी त्याला मारायचं ठरवलं नव्हतं, लेम्पी. पण वाचवायचंही ठरवलं नव्हतं, आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी तो परत आलेला दिसला की मला बरं वाटायचं आणि त्याच क्षणी थोडं वाईटही वाटायचं. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

येत्या मंगळवारी सांगतो. ट्रक आत घेतो, चेंबर उतरवतो. ठरलं.

आर्मस


बुधवार, १३ मार्च

लेम्पी,

काल सांगितलं नाही.

टाकी बाहेर काढून ठेवली होती, नट निवडून ठेवला होता. हॉलिस घाईत आला. म्हणाला, बर्फाचं खरं नाही, लगेच निघतो. "शुक्रवारची फेरी शेवटची, आर्मस. मग बोट सुरू होईपर्यंत बंद." मी मनात मोजलं. आज परत जाणं, शुक्रवारी येणं आणि जाणं. तीन वेळा बर्फ ओलांडायचं आणि मग संपलंच. इतके दिवस निघाले, तीन वेळांनी काय होतंय? तोंड उघडलं तर गॅसचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "जपून जा." तो हसला. "शुक्रवारी घरीच थांब हं." मला वाटलं, निरोप द्यायला येणार असेल.

आज सकाळी हिल्माबाईंनी टपाल लावलं आणि स्वतः माझ्या दारापर्यंत आल्या. काठी टेकत, त्या बर्फातून. "नऊ वर्षांनी आलंय, म्हटलं आपणच द्यावं." डोळे पुसत होत्या. पाकिटावर तुझं अक्षर.

"शुक्रवारी हॉलिसबरोबर येते आहे. त्याच दिवशी ओनीचा वाढदिवस. वेलदोड्याचा पाव भाजून आणते. बोट सुरू होईपर्यंत राहीन. माग उतरवू नकोस, तिथेच विणते."

हिल्माबाई विचारत होत्या, "काय लिहिलंय रे? पांढरा का पडलास?"

मी म्हणालो, "लेम्पी येतेय."

"मग आनंदाची गोष्ट!"

"त्या ट्रकमधून येतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू काय केलं आहेस, आर्मस?" मी सांगितलं नाही. त्यांना ते सांगावं लागलंही नाही.

आता तुला कसं कळवू? फोनची तार डिसेंबरात बर्फाने तोडली, ती मे महिन्याशिवाय जोडत नाहीत. दीपगृह बंद. पत्र न्यायला माणूस एकच, आणि तो तिकडे आहे, ट्रकसकट, तुझ्या अंगणात. दुपारपासून पाऊस लागला आहे, बर्फावर पाऊस. धुकं इतकं की गॅरेजमधून पहिलं झाडही दिसत नाही. चालत निघालो होतो. तिसऱ्या झाडापाशी दिशा चुकली आणि स्वतःच्याच पावलांवर येऊन पोचलो. कंबर म्हणते उद्याही जाऊ नकोस, आणि उद्याही हेच धुकं आहे असं हिल्माबाईंचा गुडघा म्हणतो.

हात हलवून थांबवायची सोय नाही. वाटेत उभा राहून मी हात हलवला तर हॉलिस ट्रक थांबवेल, आणि थांबला की संपलं. म्हणून तुम्ही निघायच्या आधी तिकडे पोचायला हवं. टपालाची गाडी नऊला येते, ती आल्याशिवाय तो निघत नाही. शुक्रवारी उजाडताच निघालो तर पोचेन.

बैल गेला अन् झोपा केला, हे माझ्या बाबतीत अजून पुरतं खरं झालेलं नाही. बैल अजून गोठ्यात आहे. नऊ वाजेपर्यंत आहे.

आर्मस


शुक्रवार, १५ मार्च, सकाळी सहा

धुकं गेलं. लांब बांबू आणि दोर घेतला आहे. तुझ्यासाठी कॉफी शेगडीवर ठेवली आहे, हिल्माबाई लक्ष ठेवतील. पावाला लोणी हवं असेल तर ते खिडकीत आहे.

आ.


रविवार, २८ एप्रिल

लेम्पी,

बर्फ पूर्ण गेलं. बोट सुरू झाली. नवा टपालवाला कोवळा पोरगा आहे, मला ओळखत नाही, म्हणून त्याच्या हाती हे पार्सल देता येतं. खणातली तिन्ही पत्रं यात घातली आहेत. ती आधी वाच. तारखांच्या क्रमाने वाच.

तुला सगळं दिसलं आहे. तरी मला काय दिसलं ते मी लिहितो, कारण शेरिफपुढे मी ते सांगितलं नाही.

मी चौतिसाव्या झाडापाशी होतो तेव्हा ट्रक दिसला. आठच वाजले होते. तुम्ही लवकर निघालात. बर्फ सकाळी कडक असतं म्हणून हॉलिसने टपालाची वाट पाहिली नाही, आणि तुला घाई झाली होती, हे तू मला नंतर सांगितलंस. काचेमागे दोन डोकी होती. मी वाटेतून बाजूला झालो. हात दोन्ही खिशात घातले, चुकून वर जाऊ नयेत म्हणून. तुला वाटलं असेल, हा अजूनही रागात आहे.

मग मला ठोके ऐकू आले. पत्र्यावर हातोडी मारावी तसे, इंजिनाच्या आतून. असा आवाज आला की इंजिनात ऑइलचा थेंब उरलेला नसतो. मी तो आवाज हजारदा ऐकला आहे, पण गॅरेजमध्ये. नंतर तो थांबला. ट्रक तसाच घसरत आला आणि माझ्यापासून साठ पावलांवर उभा राहिला.

काही तडकलं नाही. नुसतं खाली बसलं. चाकांभोवती पाणी वर आलं. तुझ्या उघड्या दारातून तू बाहेर पडलीस. पडली नाहीस, ढकलली गेलीस. त्याचा हात मला दिसला, तुझ्या पाठीवर, खांद्यापर्यंत बाहेर आलेला. तुझ्यामागून पावाचा डबा आला. तो ढकलायला वाकला नसता, आपल्या बाजूने उडी मारली असती, तर वाचला असता. बर्फावर जाताना बांधतात तसं त्याचंही दार दोरीने उघडं बांधलेलं होतं.

मी पोटावर सरपटत गेलो. तो छातीपर्यंत पाण्यात होता. बांबू दिला, पण त्याची बोटं वळत नव्हती. म्हणून मी पुढे होऊन त्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी धरली, लेम्पी. त्याने विचारलं, "लेम्पी?" मी म्हणालो, "बाहेर आहे." त्याने मान हलवली. मग ट्रक खाली गेला आणि त्याला ओढून घेऊन गेला, आणि कॉलर माझ्या हातात राहिली.

जाडं लोकरीचं कापड, चांगली दुहेरी शिवण. तरी फाटली. मी इतकी वर्षं म्हणत आलो की फाडायला काय लागतं. काहीच लागत नाही. धरून ठेवलं तरी फाटते.

शेरिफने विचारलं, ट्रकमध्ये काही बिघाड होता का? मी म्हणालो, बर्फ कुजलं होतं. त्याने तेच लिहून घेतलं.

बर्फ गेल्यावर तो सापडला. परवा त्याला पुरलं तेव्हा तू माझ्याशी एकदाच बोललीस. लोक पांगले होते. तू कबरीकडे बघत म्हणालीस, "त्याला ऑइलचं ठाऊक होतं. रोज सकाळी ट्रकखाली पुठ्ठा बघायचा आणि डबा ओतायचा. मी म्हटलं आर्मसला दाखव. तर म्हणाला, आत्ता तक्रार केली तर तो चिडेल आणि पत्रं बंद होतील. हिवाळा संपू दे."

तू निघून गेलीस. मी तिथेच उभा होतो. हॉलिसने मी केलेलं खराब काम ओळखलं होतं, आणि तुला माझी पत्रं मिळावीत म्हणून ते झाकून ठेवलं होतं. मी काय झाकत होतो ते तुला आता वाचायला मिळेल.

ही पत्रं शेरिफला द्यायची, की शेगडीत घालायची, ते तू ठरव. मी कुठे जाणार नाही. गॅरेज उघडं आहे.

पार्सलमधल्या कॉफीच्या डब्यात दोन वस्तू आहेत. कॉलर तुझी आहे. दुसरी तूच मला दिली होतीस. त्या सकाळी आपण पोर्ट सेल्माकडे चालत होतो, बर्फावर काळ्या थेंबांची रेघ होती आणि तू काही न बोलता तिच्यावरून चालत होतीस. एक्कावन्नाव्या झाडापाशी तू वाकलीस आणि बर्फातून एक जाडा बोल्ट उचललास. त्याला सुताचा दोरा लोंबत होता. माझ्यापुढे धरून विचारलंस, "हा ट्रकचा आहे का रे?"

मी म्हणालो, माहीत नाही.

ट्रकचाच आहे, लेम्पी. मी बसवला होता.

आर्मस